मदत हवी आहे: फुटपाथवरच्या कुटुंबातील मुलांची अंगणवाडीत नोंद आणि दिवसभराचं पाळणाघर

मुंबईत पुलाखाली राहणारं कुटुंब. मुलं दीड आणि चार वर्षांची. आईवडील दोघंही नाका कामगार, सकाळी आठ ते संध्याकाळी सात बाहेर. आईचं आधार कार्ड आहे, पण पत्ता गावचा. मुलांचे जन्मदाखले नाहीत. धाकट्याचा जन्म सरकारी रुग्णालयातला, डिस्चार्ज कार्ड शिल्लक आहे. थोरला गावी घरीच जन्मला. धाकट्याची जन्मनोंद रुग्णालयाकडूनच झालेली असायला हवी, फक्त दाखला काढायचा आहे; थोरल्याची नोंद झालेली नसेल तर वर्ष उलटून गेल्यामुळे दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागणार, म्हणजे वेळ जाणार. तोवर मुलांनी उपाशी का राहायचं?

अंगणवाडी सेविकेचं म्हणणं, 'हे घर माझ्या सर्वेक्षणात नाही.' पर्यवेक्षिकेला तोंडी सांगून झालं, लेखी अर्ज अजून दिलेला नाही. रात्रनिवारा सुचवू नका, जवळच्या निवाऱ्यात फक्त पुरुषांना घेतात. १०९८ या बालकांच्या हेल्पलाइनलाही तूर्त कळवायला नको; मुलं पालकांसोबतच राहायला हवीत.

नोंद झाली तरी अंगणवाडी चारेक तासच चालते, म्हणून पाळणाघरही हवं. 'पालना' या केंद्र सरकारच्या पाळणाघर योजनेत सहा महिने ते सहा वर्षांची मुलं बसतात.

पत्त्याच्या पुराव्याशिवाय, आईच्या आधार कार्डावर पोषण ट्रॅकरमध्ये (अंगणवाडीच्या लाभार्थ्यांची नोंद ठेवणारं सरकारी ॲप) नोंद कुणी करून घेतली आहे का? अर्ज बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना द्यायचा की थेट वरच्या कार्यालयात? आणि दादर-परळ भागात संध्याकाळी सातपर्यंत चालणारं, मोफत किंवा नाममात्र शुल्काचं पाळणाघर कुठे आहे?