रात्री ऑफिस बंद, तरी मीटर पळतोय. कॉम्प्युटरची वीज कशी कमी करावी?

शरणपूररोडकर (प्रश्न)
नमस्कार मंडळी. नाशिकला शरणपूर रोडवर अकाउंट्सचं ऑफिस आहे. १४ डेस्कटॉप, प्रत्येकाला ६०० व्हीएचा यूपीएस, दोन लेसर प्रिंटर, एक इंकजेट. टॅलीचा डेटा एका मशीनवर, बाकीचे तिथूनच उघडतात. संध्याकाळी ७ ते सकाळी १० कोणी नसतं, पण बरीच मशीन चालूच राहतात. स्क्रीनसेव्हर लावलेला आहे. थंडीत एसी बंद असूनही बिल फारसं उतरत नाही. नवीन खर्च न करता काय करता येईल?

वायरिंगवाला
आधी मोजा. मीटरवर लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी '३२०० इम्पल्स' असा आकडा छापलेला असतो. म्हणजे तो ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट पडलं. निघताना सगळं रोजच्यासारखं ठेवून एक मिनिट मोजा. ४० वेळा लुकलुकला तर ४० भागिले ३२०० गुणिले ६०, म्हणजे पाऊण किलोवॅट. १५ तासांत सव्वाअकरा युनिट, तेही रिकाम्या ऑफिसात! तुमच्या मीटरवरचा आकडा वेगळा असेल तर तो घ्या.

सिस्टिमवाला
स्क्रीनसेव्हर आजच काढा. त्याने वीज वाचत नाही, मॉनिटर पूर्ण उजेडात चालूच राहतो. काम न करता नुसता चालू असलेला साधा डेस्कटॉप ४० ते ६० वॅट खातो, २२ इंची मॉनिटर आणखी २० च्या आसपास. स्लीपमध्ये, म्हणजे मशीन झोपवून ठेवलं की, दोन्ही मिळून साधारण ५ च्या आत येतात.

विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, पॉवर इथे जा. स्क्रीन ५ मिनिटांनी, स्लीप १५ मिनिटांनी. टॅलीचा डेटा असलेल्या मशीनला मात्र स्लीप लावू नका. ते झोपलं की बाकी १३ जणांचं काम मध्येच तुटतं आणि डेटा खराब होण्याची भीती असते. त्याचा फक्त मॉनिटर बंद होऊ द्या आणि सगळे गेल्यावर शेवटी ते शटडाऊन करा.

वेळ लावूनही मशीन झोपत नसेल तर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून 'पॉवरसीएफजी' लिहा, एक जागा सोडून 'स्लॅश रिक्वेस्ट्स'. कोण जागं ठेवतंय त्याचं नाव दिसतं. ऑफिसात बहुतेक वेळा ते शेअर केलेल्या फोल्डरमधली दुसऱ्याने उघडी ठेवलेली फाइल असते. झोपलेलं मशीन आपोआप उठत असेल तर त्याच 'पॉवरसीएफजी' पुढे 'स्लॅश लास्टवेक' लिहून पाहा. कारण नेटवर्क कार्ड निघालं, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये 'फक्त मॅजिक पॅकेटने (मुद्दाम उठवायला पाठवलेल्या खास संदेशाने) उठव' ही खूण करा.

यूपीएस_सर्व्हिस
रात्री ऑफिसचा मेन स्विच पाडायचा असेल तर आधी प्रत्येक यूपीएसचं बटण दाबून तो बंद करा. हे विसरलं की यूपीएस स्लीपमधल्या मशीनला बॅटरीवर पोसत बसतो, रात्रभरात बॅटरी तळाला जाते आणि असं वारंवार झालं की ती वर्षभरातच संपते. वाचवलेली वीज बॅटरीच्या खर्चात जाते. त्यामुळे मेन पाडणार असाल तर स्लीप नको, शटडाऊनच.

लेसर प्रिंटर यूपीएसवर असेल तर लगेच काढून भिंतीच्या सॉकेटवर घ्या. त्याचा हीटर तापताना क्षणभर हजार वॅटच्या आसपास ओढतो. ६०० व्हीएचा यूपीएस जेमतेम साडेतीनशे वॅटचा. प्रिंटरच्या मेनूत स्लीपची वेळ १ ते ५ मिनिटांवर आणा, रात्री थेट स्विच बंद केला तरी चालतो. इंकजेटचं उलटं आहे. त्याचं स्वतःचं बटण दाबून बंद करा, हेड जागेवर जाऊन झाकलं जाऊ द्या, मगच स्विच. थेट वीज तोडली तर हेड सुकतं.

शरणपूररोडकर
मनापासून आभार. राउटर आणि कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग करणारा डीव्हीआर पण त्याच मेनवर आहेत, त्यांचं काय?

वायरिंगवाला
त्या दोघांना वेगळ्या एमसीबीवर (बोर्डातल्या ट्रिप स्विचवर) घ्या, ते रात्री चालूच हवेत. बोर्डात जागा असेल तर वायरमनचं तासाभराचं काम. त्या एमसीबीवर 'पाडू नये' अशी पट्टी लावा, नाहीतर शेवटी निघणारा माणूस सवयीने तोही पाडतो आणि रेकॉर्डिंग नेमकं रात्रीचंच जातं.