मोबाइलसाठी वेगळी साइट हवी की एकच?

काजवा
एका वाचनालयाची वेबसाइट नव्यानं करतोय. मंडळ म्हणतं, मोबाइलची साइट वेगळी करा. मला ते अजिबात पटत नाही. वेब डिझायनर ईथन मार्कॉटनं २०१० मध्येच 'रिस्पॉन्सिव्ह' साइटचा, म्हणजे पडद्याप्रमाणे बदलणाऱ्या एकाच साइटचा, मार्ग दाखवलाय: टक्केवारीत मोजलेले रकाने, जागेप्रमाणे आकसणारी चित्रं आणि मीडिया क्वेरी, म्हणजे पडद्याच्या रुंदीप्रमाणे मांडणी बदलणारे नियम. दोन साइट म्हणजे दोनदा दुरुस्ती. मागच्या कामात नोंदणीची तारीख एकीकडे बदलली, दुसरीकडे तशीच राहिली. लोक हेलपाटे घालून परत गेले.

निवडुंग
मी वेगळ्या साइटच्याच बाजूनं. रिस्पॉन्सिव्हच्या नावाखाली बहुतेक वेळा डेस्कटॉपचं सगळं ओझं फोनवर येतं. मोठा फोटो कोडमध्ये 'डिस्प्ले नन' लिहून लपवला, तरी साध्या इमेज टॅगनं पानात घातलेली फाइल उतरतेच. डोळ्याला दिसत नाही, पण डेटा जातो. रेंजची एकच काडी असलेल्या माणसानं काय करायचं?

काजवा
तो दोष करणाऱ्याचा, पद्धतीचा नाही. आधी लहान पडद्याचं पान लिहायचं, मग 'मिन-विड्थ' (किमान रुंदी) ही अट लावून मोठ्या पडद्यांसाठी वाढवत न्यायचं. 'सोर्ससेट', म्हणजे एकाच चित्राच्या लहान-मोठ्या फाइलींची यादी, दिली की फोन स्वतःला पुरेल तेवढंच चित्र मागतो.

रानजाई
निवडुंग, माझ्या आईची नजर अधू आहे. ती कॉम्प्युटरवर ४०० टक्के झूम करून वाचते. १२८० पिक्सेल रुंदीचं पान तेव्हा ३२० पिक्सेलचं होतं, म्हणजे जवळपास लहान फोनएवढं. तुमचा सर्व्हर मात्र तिला 'कॉम्प्युटर' समजून डेस्कटॉपची साइट पाठवणार आणि ती प्रत्येक ओळीला पान डावी-उजवीकडे सरकवत बसणार. वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी म्हणून केलेल्या डब्ल्यूसीएजी २.१ या २०१८ च्या मानकात हीच अट आहे: ३२० पिक्सेल रुंदीत मजकूर आडवा न सरकवता वाचता यावा.
आणि कृपा करून मराठी मजकुराला ओळींमध्ये मोकळी जागा ठेवा. इंग्रजीच्या मापानं बसवलेल्या बटणांत वेलांटी आणि रफार कापले जातात. अक्षरांमधलं अंतर वाढवलं तर शिरोरेघही तुटते. फोनवर हे रोज बघते, जीव तुटतो.

निवडुंग
झूमचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. तो मान्य. पण तक्त्यांचं काय? आठ रकान्यांचा तक्ता ३२० पिक्सेलमध्ये कसा मावणार? तिथे मांडणीच वेगळी लागते.

काजवा
मांडणी वेगळी, पत्ता तोच. आमच्याकडे वर्गणीचा एकच तक्ता आहे. लहान पडद्यावर प्रत्येक ओळीचा वेगळा चौकोन करतोय, रकान्याचं नाव रकमेच्या शेजारी. रानजाई, उद्या कच्चं पान तयार होईल. आईंना वाचून बघायला सांगाल का?