जिताड्याची मादी मिळेना! पीएचडीवाल्यांनो, मदत करा

खाडीवाली:
माझा पीएचडीचा विषय जिताडा. हा मासा आधी नर म्हणून वयात येतो आणि पुढे सहा-आठ वर्षांचा होईपर्यंत त्याची मादी होते. घरी सांगितलं तर आजी म्हणाली, "ह्याचे पैसे मिळतात तुला?"

अडचण अशी की रायगडात खाडीच्या आतल्या भागातून आठ महिन्यांत ४३ जिताडे घेतले, दीड ते तीन किलोचे. झाडून सगळे नर. मध्यंतरी बाजारात नऊ किलोचा दिसला. भाव ऐकला आणि नुसता हात लावून परत आले. बदलाच्या मधल्या अवस्थेतला तर एकही नाही. काय करू?

जुना_रावस:
मोठा मासा विकत घेता कशाला? तुम्हाला त्याच्या पोटातलं हवंय. माझं काम रावसावर होतं, तोही आधी नर, मग मादी. मी एका कोळीणमावशींकडे डबा घेऊन बसायचो. पहिल्या दिवशी त्यांनी "गिऱ्हाईक अडवू नको" म्हणून उठवलं. तिसऱ्या आठवड्यात त्याच हाक मारून मासा मोजायला लावायच्या, मग कापायच्या. गाबोळीचे पैसे मात्र चोख घ्यायच्या.

दोन गोष्टी. जिताडा विणीसाठी खाऱ्या पाण्यात, खाडीच्या मुखाशी उतरतो. तुम्ही आतच जाळं लावलंत, मग नरच मिळणार. आणि मधली अवस्था हवी असेल तर वीण सरता सरता शोधा, बदल तेव्हा होतो आणि भराभर उरकतो. नुसतं बघून वहीत 'नर' लिहू नका. मी तसे लिहिलेल्या दोन रावसांच्या काचपट्टीवर सूक्ष्मदर्शकाखाली कोवळी अंडी निघाली, अख्खा तक्ता पुन्हा केला. बर्फात दोन दिवस पडलेला मासा घेऊ नका, पेशी विरघळलेल्या असतात. कापल्या कापल्या तुकडा बूइनच्या द्रावणात टाका, म्हणजे पेशी आहेत तशा टिकतात. बोटं पिवळी होतात. आमच्या आईला वाटायचं, पोरगा हळद कुटायला जातो.

मुखाकडचा:
दोन किलोच्या जिताड्यात गाबोळी नसते हे आमच्या आयेला पीएचडी न करता ठाऊक होतं 😀 पण मग मोठे मोठे धरतो ते सगळ्या माद्याच की!

जुना_रावस:
बहुतेक, हो. म्हणून तर ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या पूर्व किनाऱ्यावर ५८ सेंटिमीटरहून लहान आणि १२० हून मोठा, दोन्ही जिताडे परत सोडावे लागतात. पण नुसत्या आकारावर विसंबू नका. तिथेच कार्पेंटेरियाच्या आखाताच्या उत्तर भागात जिताडे लहानपणीच मादी होतात, हे १९८४ सालीच छापून आलंय.

हेकरूप्रेमी:
हेकरूचं उलटं, आधी मादी, मग नर. माझे ६० हेकरू, सगळ्या माद्या. अदलाबदल करायची का?

खाडीवाली:
😂 नको. मुखाकडचे दादा, तुमच्याकडे मोठा जिताडा कोण कापतं? डबा घेऊन येते.

मुखाकडचा:
आयच कापते. पहाटे पाचला या. आणि आधी कोलंबी तरी घ्या, नाहीतर तुम्हालाही उठवेल.