बहिणीचं एमएस मेमध्ये संपतंय, भावाच्या लग्नाला गावी आली तर परत जाता येईल का?

राजापूरकर_दादा
नमस्कार मंडळी. धाकटी बहीण शिरगावच्या फिशरीज कॉलेजातनं पास होऊन अमेरिकेत एमएस करायला गेली, एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आहे. आय-२० वर (युनिव्हर्सिटीने दिलेला प्रवेशाचा कागद) प्रोग्रॅम संपायची तारीख १५ मे. आणि मधल्या भावाचं लग्न मेच्या शेवटच्या आठवड्यात, गावच्या घरी मांडव घालून. करवली तीच, आई रोज विचारत्ये पोरगी कधी येत्ये. मुंबईच्या एका कन्सल्टंटने सांगितलं की व्हिसा ५ वर्षांचा आहे, बिनधास्त बोलवा, ओपीटीचा (शिकून झाल्यावर तिकडे आपल्या विषयात काम करायच्या परवानगीचा) अर्ज इथनं पण भरता येतो आणि ६० दिवस ग्रेस असतोच. तिकडची सीनियर म्हणते अजिबात निघू नको. बाबांनी कलमांची बाग तारण ठेवून लोन काढलंय, तिची नोकरी हुकली तर हप्ते कुठनं भरायचे. नक्की माहिती असेल त्यांनी प्लीज सांगा.

वाशिष्ठीकाठ
दादा, त्या कन्सल्टंटचं ऐकून तिकीट काढू नका, कळकळीने सांगत्ये, मी स्वतः यातनं गेल्ये. पासपोर्टमधला व्हिसा फक्त आत शिरण्यापुरता असतो, शिक्षण संपल्यावर तो शिल्लक असला तरी त्याच्या जोरावर परत घेत नाहीत. आणि ६० दिवसांचा ग्रेस हा तिथे थांबून आवराआवर करायला असतो, त्यात एकदा देश सोडला आणि ओपीटीचा अर्ज गेलेला नसेल तर विषय संपला. अर्ज भारतातनं भरता येत नाही, भरताना ती अमेरिकेतच हवी.

तिने उद्याच्या उद्या युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसात जाऊन डीएसओला, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याला, भेटावं. तेच सेविसमध्ये (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी ऑनलाइन नोंद) ओपीटीची शिफारस टाकतात आणि नवीन आय-२० देतात, त्यानंतर ३० दिवसांच्या आत आय-७६५ फॉर्म, म्हणजे ओपीटीचा अर्ज, इमिग्रेशनकडे पोचला पाहिजे. प्रोग्रॅम संपायच्या ९० दिवस आधीपासून भरता येतो, म्हणजे तिची मुदत फेब्रुवारीच्या मध्यापासून सुरू झालीसुद्धा, मग थांबायचं कशाला? आणि डीएसओला विचारायला पैसे पडत नाहीत, त्यांचं कामच ते आहे, आपली मुलं उगाच बिचकतात आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारत बसतात.

देवगडचो_आनंद
माझो पुतणो असोच अर्ज भरून इलो होतो, तेच्यावरनं सांगतंय. अर्ज पेंडिंग असताना येता येतं, पण परत जाताना अर्जाची पावती आणि डीएसओची ट्रॅव्हल सही असलेला आय-२० हातातल्या बॅगेत हवा. शिकत असताना ती सही वर्षभर चालते, ओपीटीच्या काळात ६ महिनेच, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. ईएडी कार्ड, म्हणजे काम करायचा परवाना, तिकडच्याच पत्त्यावर येतं, तेव्हा रूममेट विश्वासातली हवी, मधेच इमिग्रेशनने आणखी कागद मागितले तर तेही तिथेच येणार.

राजापूरकर_दादा
दोघांचे खूप आभार. म्हणजे आत्ता अर्ज भरून ठेवला की लग्नाला यायला हरकत नाही ना? आईला सांगू का?

वाशिष्ठीकाठ
आईंना एवढ्यात नका सांगू. आत्ता अर्ज भरला तर लग्नाच्या आधीच मंजूर होऊ शकतो, आणि मंजूर झाल्यावर नोकरी हातात नसताना देशाबाहेर पडणं सगळ्यात धोक्याचं, तेव्हा परत शिरताना ईएडीबरोबर नोकरीचं पत्रही मागतात. म्हणून आधी ऑफर लेटर, मग तिकीट. तिच्या विषयातली नोकरीच चालते, हॅचरी, लॅब, मत्स्यविभाग काहीही. प्रोफेसरांना विचारून ठेवायला सांगा, पहिल्या ओपीटीत आठवड्याला किमान २० तासांचं विनापगारी कामही धरतात, फक्त ते कायद्यात बसणारं हवं.

गुहागर_१९
यात एक भर. ओपीटी सुरू व्हायची तारीख तिला निवडता येते, प्रोग्रॅम संपल्यापासून ६० दिवसांच्या आतली, म्हणजे १४ जुलैपर्यंत. हे महत्त्वाचं कारण ओपीटीत एकूण ९० दिवसच बिनकामाचे चालतात आणि नोकरी नसताना गावी घालवलेले दिवसही त्यात धरले जातात. जुलैची तारीख घेतली तर लग्नाचे दिवस त्यात येतच नाहीत. मात्र एकदा मंजूर झाल्यावर तारीख हलवता येत नाही, तेव्हा डीएसओशी बोलूनच ठरवा. पुढे तिचा कोर्स स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनीअरिंग, गणित) बसत असेल तर आणखी २४ महिने मिळतात, तेही त्याच फेरीत विचारून घ्या.

राजापूरकर_दादा
आत्ताच तिच्याशी बोललो. गुरुवारची अपॉइंटमेंट घेतल्येन. प्रोफेसरांनाही मेल टाकत्ये. एप्रिल अखेरपर्यंत ऑफर आली तर तिकीट, नाहीतर आईला मी समजावेन.