छोट्या मिलचं सीएनसी करताय? माझं मत: सर्वोत पैसे घालू नका, बॉलस्क्रू आणि बेअरिंगमध्ये घाला

सांगलीची_शेड:
माझ्याकडे एक्स-टू जातीची छोटी मिल (फिरत्या कटरने धातू कापणारं मशीन) आहे, घरामागच्या शेडमध्ये, टेबलचा एक्सचा (आडवा) प्रवास २२० एमएमच्या आसपास आणि वायचा (पुढे-मागे) १००. सीएनसी करायला, म्हणजे मोटरी लावून कॉम्प्युटरने चालवायला, घेतलं तेव्हा ज्याला विचारावं तो म्हणायचा सर्वो (स्वतःची जागा सतत तपासत फिरणारी मोटर) टाक, नाहीतर निदान क्लोज्ड लूप स्टेपर (पायरीपायरीने फिरणारी, पण जागा तपासणारी मोटर) तरी टाक, साध्या स्टेपरवर पस्तावशील. मी साध्या नेमा २३ मापाच्या स्टेपरच लावल्या, १.९ न्यूटन-मीटर टॉर्कवाल्या (टॉर्क म्हणजे फिरवायचा जोर), आठ महिने ॲल्युमिनियम आणि माइल्ड स्टील कापतोय आणि मला एकदाही पस्तावा झालेला नाही.

हिशोब मांडतो, चुकला तर सांगा. ५ एमएम लीडचा बॉलस्क्रू (टेबल सरकवणारा, नटमध्ये गोळ्या असलेला स्क्रू), म्हणजे एका फेरीत टेबल ५ एमएम सरकतं, एफिशियन्सी ९० टक्के धरली. होल्डिंग टॉर्क (थांबलेल्या मोटरचा, म्हणजे ते १.९) वेगात मिळत नाही हे मान्य, म्हणून ६०० आरपीएमला ०.८ च धरला, तरी टेबल ९०० न्यूटनने म्हणजे जवळपास ९० किलोच्या जोराने ढकललं जातं, ६ एमएमचा एंडमिल (कटर) त्याच्या कितीतरी आधी तुटेल. आणि ६०० आरपीएम म्हणजे मिनिटाला ३ मीटर. सर्वो ३००० आरपीएमचा, त्याच स्क्रूवर मिनिटाला १५ मीटर होतात, आमचं टेबल एका सेकंदाच्या आत या टोकाचं त्या टोकाला जाईल, एवढ्या वेगाचं करायचं काय?

तेच पैसे मी प्रीलोड असलेल्या (ढिलाई राहू नये म्हणून आधीच दाबून बसवलेल्या) नटमध्ये आणि अँग्युलर कॉन्टॅक्ट (स्क्रूच्या लांबीच्या दिशेचा रेटाही घेणाऱ्या) बेअरिंगच्या जोडीत घातले. लोक हजारोंच्या मोटरी घेतात आणि स्क्रूच्या टोकाला साधं डीप ग्रूव्ह बेअरिंग बसवतात, मग ०.०५ एमएमचा प्ले (ढिलाई) शोधत महिने जातात, ते बघून खरंच जीव तुटतो.

भोसरी_जॉबवर्क:
दादा हिशोब बरोबर आहे पण तो मशीन नीट चालू असतानाचा झाला. बिघडतं तेव्हा काय? ओपन लूप म्हणजे साध्या स्टेपरला आपण कुठे आहोत हे माहीतच नसतं, स्टेप सुटल्या, म्हणजे मोटर सांगितल्याइतकी फिरली नाही, तरी कंट्रोलर खुशाल पुढचा कोड पाठवत राहतो. माझी मिल तुमच्यापेक्षा थोडी मोठी आहे, पण स्टेपर साध्याच आणि लीडही ५ च. मागच्या महिन्यात एका मोल्डचा सहा तासांचा प्रोग्राम लावला, पाचव्या तासाला फिनिशिंग पासमध्ये वायला एक पायरी दिसायला लागली, थांबवून झिरोवर आणून डायल (सरकणं मोजायचं घड्याळासारखं गेज) लावला तर ०.३७ एमएमची चूक. ब्लॉक गेला, दिवस गेला, पार्टीला तोंड दाखवायची लाज वाटली. तुम्ही हौसेला करता, तुमचा एक तुकडा गेला तर दुसरा लावाल, मला ते परवडत नाही. सर्वो असता तर लोड वाढल्यावर त्याने टॉर्क वाढवला असता आणि अगदीच अडकला असता तर अलार्म देऊन थांबला असता. त्या अलार्मसाठी दुप्पट पैसे गेले तरी मी देईन.

नाशिकची_मेकर:
भोसरीवाल्यांशी अर्धी सहमत. क्लोज्ड लूप घ्या, पण अलार्मची वायर कंट्रोलरच्या ई-स्टॉपला (सगळं मशीन एकदम थांबवणाऱ्या जोडणीला) जोडलीच पाहिजे. मी दोन मशीन पाहिलीत जिथे ड्रायव्हरच्या (मोटरला करंट देणाऱ्या सर्किटच्या) अलार्म टर्मिनलला वायरच नव्हती, म्हणजे एक्सचा ड्रायव्हर फॉल्टला जाऊन गप्प बसणार आणि वाय, झेड (वर-खाली) जॉबमधून कापत जाणार, हे तर ओपन लूपपेक्षा वाईट.

सांगलीच्या दादांना एक प्रश्न, पॉवर सप्लाय किती व्होल्टचा? बरेच जण जोर कमी पडतो म्हणून सरळ नेमा ३४ (मोठ्या मापाची मोटर) लावतात, तिचा इंडक्टन्स (करंट बदलायला कॉइलचा विरोध) जास्त असतो, मग कमी व्होल्टेजवर वेग वाढवला की टॉर्क धाडकन पडतो आणि दोष स्टेपरला देतात. इंडक्टन्स मिलीहेन्रीत घ्यायचा, त्याचं वर्गमूळ काढायचं, त्याला ३२ ने गुणायचं, तेवढ्या व्होल्टपर्यंत जायला हरकत नाही, हा जुना ठोकताळा आहे आणि तो चालतो.

सांगलीची_शेड:
ताई ३६ व्होल्ट. ड्रायव्हर डीएम५४२ आहेत, त्यांची मर्यादा ५० आहे, ४८ चा सप्लाय लावायचा मोह झाला होता पण मोटर ब्रेक लागल्यासारखी थांबते तेव्हा ती उलटं व्होल्टेज ढकलते, म्हणून अंतर ठेवलं.

भोसरीचे दादा, तुमचं नुकसान झालं त्याचं वाईट वाटलं, पण त्याला मोटरच जबाबदार हे कशावरून?

मेंटेनन्स_काका:
मी बत्तीस वर्षं मशीन मेंटेनन्स केलं, आता घरी बसून पोरांची मशीनं बघतो. भोसरीकर, तो ०.३७ आकडा मला खटकतोय. १.८ डिग्रीच्या स्टेपरच्या रोटरला (आतल्या फिरत्या भागाला) ५० दात असतात. स्टेप सुटते तेव्हा रोटर अख्खा एक दात किंवा त्याच्या पटीत सरकतो, मधे कुठे थांबत नाही. ५ एमएम लीड भागिले ५०, म्हणजे ०.१. तुमची मोटर हरली असती तर चूक ०.१, ०.२, ०.३, ०.४ अशी आली असती. ०.३७ आली म्हणजे काहीतरी घसरलंय. माझा संशय कपलिंगच्या (मोटर आणि स्क्रू जोडणाऱ्या तुकड्याच्या) ग्रब स्क्रूवर, म्हणजे शाफ्टवर दाबून बसणाऱ्या बारीक स्क्रूवर, आहे.

आणि तसं असेल तर सर्वो लावूनही हेच झालं असतं बाबा, कारण एनकोडर (फिरणं मोजणारा सेन्सर) मोटरच्या शेपटीला बसतो. पुढे कपलिंग घसरलं, नट ढिला झाला, यातलं त्याला काही कळत नाही. ते कळायला टेबललाच लिनियर स्केल (टेबलचं सरकणं थेट मोजणारी पट्टी) लावावी लागते.

भोसरी_जॉबवर्क:
काका तुमचा मान ठेवून बोलतो, पण माझ्या वायला ०.०३ चा प्ले आहे हे मला माहितीये. ०.३७ मध्ये ते ०.०३ मिळवा, बरोबर ०.४० होतात, म्हणजे चार दात. मग मोटरच हरली की नाही?

मेंटेनन्स_काका:
शाबास, असा उलटा प्रश्न विचारलाच पाहिजे. म्हणूनच आता अंदाज करत बसायचं नाही. एकतर डायल लावताना टेबल नेहमी एकाच बाजूने झिरोवर आणायचं, म्हणजे प्ले हिशोबातून बाद. दुसरं, परमनंट मार्कर घ्या आणि कपलिंगवरून शाफ्टवर जाईल अशी एक बारीक रेघ मारा, मोटरच्या बाजूला एक आणि स्क्रूच्या बाजूला एक. मग तोच प्रोग्राम जॉब न लावता पळवा. रेघ तुटली तर कपलिंग, रेघ शाबूत आणि डायल चुकीचा तर मोटर. तुमच्याकडे ते चिरा पाडलेलं ॲल्युमिनियमचं स्प्रिंगसारखं कपलिंग आहे ना, थ्रीडी प्रिंटरवर असतं तसलं? ते मिलवर टिकत नाही. क्लॅम्पवालं घ्या, स्पायडरचं नाहीतर डिस्कचं.

नाशिकची_मेकर:
दातांचा हिशोब मला माहीतच नव्हता काका, वहीत लिहून घेतला. बेल्ट रिडक्शन असेल तर आकडा बदलेल ना, २ ला १ (मोटरच्या दोन फेऱ्यांना स्क्रूची एक) असेल तर ०.०५ च्या पटीत?

मेंटेनन्स_काका:
बरोबर.

भोसरी_जॉबवर्क:
रेघा मारल्या, काल रात्री सगळा प्रोग्राम हवेत पळवला, एकाच बाजूने झिरोवर आणलं. डायल ०.२५. स्क्रूकडची रेघ सरळ, मोटरकडची तुटलेली, टोकाटोकातलं अंतर व्हर्नियरने सव्वा एमएम. शाफ्ट ८ एमएमचा, परीघ २५, म्हणजे फेरीचा विसावा भाग, आणि ५ एमएमचा विसावा भाग ०.२५ च. काका तुम्ही म्हणालात तेच निघालं. ग्रब स्क्रू काढला तर शाफ्टवर त्याने गोल गोल चरा पाडलाय. तिन्ही ॲक्सिसची कपलिंग बदलतोय.

पण झेडला मी सर्वोच घेणार, ब्रेकवाला, यावर मी ठाम आहे. बॉलस्क्रू उलटाही फिरतो, लाईट गेली की मोटरचा होल्ड जातो आणि हेड स्वतःच्या वजनाने खाली येतं. आमच्याकडे दर गुरुवारी लाईट जाते.

सांगलीची_शेड:
झेडचं पटलं. माझ्याकडे गॅस स्प्रिंग आहे म्हणून हेड जागेवर राहतं, नाहीतर मीही ब्रेकच लावला असता, पण त्यासाठी सर्वोच कशाला, ब्रेकवाली स्टेपरही मिळते. नवीन कपलिंग बसवल्यावर परत एकदा रेघ मारून सहा तास पळवा आणि डायल काय दाखवतो ते इथे टाका.