मदत हवी आहे: जुनी पॅलिओ १.६, आधी सस्पेन्शन करू की टायर-अलॉय?

नमस्कार मंडळी, मी जळगावचा. २००३ ची फियाट पॅलिओ १.६ आहे माझ्याकडे, ती शंभर हॉर्सपॉवरवाली, दोन वर्षांपूर्वी धुळ्याच्या एका काकांकडून घेतली. इंजिन खणखणीत आहे, तिसऱ्या गिअरमध्ये ओढायला लागली की अजून अंगावर काटा येतो. पण खाली सगळी बोंब आहे म्हणून हा धागा.

आधी काय झालं ते सांगतो, म्हणजे दुसऱ्या कुणाचं तसं व्हायला नको. दिवाळीआधी एका दुकानातून १५ इंची अलॉय टाकले, तेव्हा मला पीसीडी (बोल्टची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास) वगैरे काही माहीत नव्हतं. माझ्या फियाटचा पीसीडी ४ बाय ९८, म्हणजे चार बोल्ट आणि ९८ एमएमचं वर्तुळ, आणि दुकानात मिळतात ते बहुतेक ४ बाय १००. दुकानदार म्हणे दोनच एमएमचा फरक आहे भाऊ, बसून जातं, आणि गन लावून बोल्ट ओढले. बसले पण. चाकाचं मधलं भोक हबपेक्षा (चाक ज्यावर बसतं त्या भागापेक्षा) मोठं, तिथेही आधार नाही. पारोळ्याच्या पुढे ऐंशीच्या वर गेलो की स्टिअरिंग थरथरायचं, तीनदा बॅलन्सिंग केलं तरी तेच. शेवटी घरी चाक काढलं तर बोल्टच्या निमुळत्या भागावर एकाच बाजूला चकचकीत चंद्रकोर घासलेली आणि दुसरी बाजू जशीच्या तशी काळी, म्हणजे बोल्ट अर्धाच टेकत होता. त्याच चाकांवर घरच्यांना बसवून मी चाळीसगावहून कन्नड घाट चढलो होतो, त्या रात्री झोप नाही लागली. अलॉय तेव्हाच उतरवले, आता परत लोखंडी रिम आणि १७५/६५ आर १४ टायर (रुंदी १७५ एमएम, कडेची उंची तिच्या ६५ टक्के, रिम १४ इंची).

हे टायर पण गेलेत. कडेला ३५१६ छापलंय, म्हणजे २०१६ चा पस्तिसावा आठवडा. नक्षी बरीच शिल्लक आहे पण कडेला बारीक चिरा पडल्यात, आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, रबर काय टिकणार. त्यात पुढचा डावा आतून घासलाय. त्यावरून हात फिरवला तर एका दिशेने गुळगुळीत आणि उलट फिरवला की करवतीसारखं लागतं. हे टो, म्हणजे चाकांची आत-बाहेर वळलेली दिशा, बिघडल्याचं लक्षण ना?

सस्पेन्शनचं म्हणाल तर स्पीडब्रेकरवर पुढून कट् आवाज येतो, लोअर आर्मचे (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश फाटलेत ते डोळ्यांनी दिसतं, मागचा एक शॉकअप तेल गाळतोय. एका मेकॅनिकने सुचवलं की स्प्रिंगचा दीड वेढा कापून टाकू, गाडी खाली बसेल, मस्त दिसेल. मी साफ नाही म्हटलं. सस्पेन्शनला वर-खाली व्हायला जागा कमी झाली की गाडी सारखी बंप स्टॉपवर (शेवटी अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर) आदळणार, आणि आपल्या काळ्या मातीवरचे रस्ते पावसाळ्यानंतर कसे लाटा लाटा होतात ते तुम्हाला माहीत आहेच. मामा तर म्हणतात, "भाऊ, कसाले पैसा वाया घालस?" पण मला ही गाडी ठेवायचीच आहे हो.

माझा विचार असा की आधी बुश, बॉल जॉइंट, स्ट्रट माउंट (पुढचा शॉकअप-स्प्रिंगचा खांब वर जिथे बसतो तो भाग) आणि चारही शॉकअप स्टॉक उंचीवर, मग टायर, शेवटी अलाइनमेंट. बुश फाटलेले असताना अलाइनमेंट करून काय उपयोग, आठ दिवसांत परत तेच. हा क्रम बरोबर आहे का?

टायरमध्ये १४ लाच राहून १८५/६० घेऊ, का १५ वर जाऊन १८५/५५? हिशोब केला तर आत्ताच्या टायरचा व्यास ५८३ एमएम येतो, १८५/६० आर १४ चा ५७८ आणि १८५/५५ आर १५ चा साधारण ५८५, म्हणजे स्पीडोमीटरला दोन्ही चालतील. पण १५ ला कडा बुटकी होते, खड्ड्यात रिम वाकायची भीती वाटते. घाटात वळणावर मात्र तेच हवंसं वाटतं.

फियाटच्याच लिनिया गाडीचे जुने १५ इंची अलॉय कुणी पॅलिओवर लावलेत का? पीसीडी तोच ४ बाय ९८ आहे, पण ऑफसेटमुळे (चाक किती आत-बाहेर बसतं त्यामुळे) आत स्ट्रटला किंवा बाहेर फेंडरला घासतं का, आणि बोल्ट कुठले वापरले? मापं घेऊन ठेवली असतील तर प्लीज टाका. इन्शुरन्स किंवा आरटीओला कुणाला अडचण आली असेल तर तेही सांगा. आणि जळगाव, भुसावळ, धुळे भागात फियाटचे बुश प्रेसवर नीट बसवणारा, हातोड्याने न ठोकणारा कुणी माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी नाशिकपर्यंत जायला पण तयार आहे. संध्याकाळी घरी गेलो की बोल्टचे आणि टायरचे फोटो टाकतो.