पीएचडीवाले पंख्याखाली झोपतात म्हणणाऱ्या दादांना

पेठरोडची:
काल सातपूरच्या एका दादांनी लिहिलं की पीएचडीवाले महिन्याला ३७ हजार घेतात, दुपारी वाचनालयात पंख्याखाली डुलक्या काढतात आणि वर ताण ताण म्हणून रडतात. खाली सगळे हो ला हो. रात्री झोप लागेना म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी ते ३७ हजार. ते जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, लागलेल्यांना मिळतात, २०२३ पासून, पहिली दोन वर्षं. नुसती नेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, निघाली आणि जेआरएफ थोडक्यात हुकली तर त्यातला रुपया आपला नाही. माझी हुकली. मी तासिका तत्त्वावर शिकवते, तास झाला तर पैसे, सुट्ट्या लागल्या की बंद. सासूबाई एका शब्दाने बोलत नाहीत, पण मे महिन्यात दूधवाला आला की पाकीट घेऊन त्याच दारात जातात, आणि मी आतल्या खोलीत बसून राहते.

आता पंखा. माझा विषय द्राक्षबागेतल्या मजूर बायका. दिंडोरीकडे ऑक्टोबर छाटणीनंतर विरळणी सुरू झाली की पेठ-सुरगाण्याच्या बायका पहाटे पिकअपमध्ये उभ्याने येतात. मी प्रश्नावली घेऊन गेले तर मुकादम म्हणाला, बोला मॅडम, पण बाईचा हात थांबायला नको. मग मीच कात्री घेतली. मांडवाखाली मान वर करून घड विरळायचा आणि विरळता विरळता विचारायचं, कागद पिशवीत. संध्याकाळी फाट्यावर एसटीची वाट बघत सगळं आठवून लिहायचं. एका बाईने मजुरी पहिल्या दिवशी सांगितली, उचल किती घेतलीय ते मात्र तिसऱ्या दिवशी, मुकादम डबा खायला गेल्यावर. अशा १२० मुलाखती झाल्या. गाइड सरांनी दोन पानं उलटली आणि म्हणाले, २०० करा. तोवर विरळणी संपलेली. म्हणजे पुढचा डिसेंबर.

कामाचं काही नाही हो, शेतकऱ्याची लेक आहे मी. वाट बघण्याने जीव जातो. सर मीटिंगमध्ये आहेत, सर परीक्षेच्या कामात आहेत, प्रकरण वाचलं का विचारलं तर मलाच पेपर तपासायचा गठ्ठा. नाही म्हणायची सोय नाही, सहा महिन्यांच्या अहवालावर सही त्यांचीच.

सातपूर_नाईटशिफ्ट:
ताई ते मीच लिहिलंय आणि अजून म्हणतो. तुम्हाला कोणी चाकू लावून पीएचडीला बसवलं का? मी लेथवर बारा तास उभा असतो, सुपरवायझरला नाही म्हणायची सोय मला तरी कुठंय. आणि मी उगाच नाही बोललो. माझा सख्खा भाऊ ३८ चा आहे. दोन वर्षांपूर्वी डॉक्टर झाला, आईने गल्लीत पेढे वाटले, आणि आज पण तो तासिकेवरच आहे. दोन स्थळं परत गेली, मुलीकडचे विचारतात पर्मनंट कधी. वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मी केलं, घराचा हप्ता मी भरतो. त्याला काही विचारलं की दार लावून घेतो. मग मला राग येणार नाही का?

गंगापूररोड_निवृत्त:
मी २६ वर्षं शिकवलं, विद्यार्थीही केले, म्हणून बोलतो. आमचा प्रबंध टाइपरायटरवर कार्बन घालून झाला, एक आकडा चुकला की अख्खं पान पुन्हा. आज शोधगंगा या संकेतस्थळावर घरबसल्या प्रबंध वाचता येतात आणि २०२२ च्या यूजीसी नियमांनी पेपर छापण्याची सक्तीसुद्धा काढली. मुलींना पीएचडीच्या सहा वर्षांच्या मुदतीवर दोन वर्षं जास्त आणि २४० दिवस बाळंतपणाची रजा. एवढ्या सवलती आम्हाला कोणी दिल्या? आणि गाइडची बाजू कोणी मांडत नाही. प्रोफेसरकडे आठ, असोसिएटकडे सहा विद्यार्थी, वर कॉलेजच्या नॅक मूल्यांकनाच्या फायली, तास वेगळेच. २०० चं सॅम्पल मागितलं तर ते तुमच्याच भल्यासाठी, व्हायवाला परीक्षक फाडून खातो.

पेठरोडची:
सर, सक्ती नियमातून गेली, नोकरीच्या मुलाखतीतल्या गुणांमधून गेली का? तिथे पेपर मोजतातच. आणि २०० हवे होते तर आराखडा मंजूर करतानाच सांगायचं होतं. त्यावर १२० लिहिलंय आणि खाली सरांची सही आहे.

घरबसल्याचं पण सांगते. शेतमजुरांवरचे जुने अहवाल बघायला पुण्याला गोखले इन्स्टिट्यूटच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयात गेले होते. पहाटे पाचला नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावरून निघाले, चाकणला अडकले, पोचले तेव्हा बारा वाजून गेले होते. साडेचारला परत निघावंच लागलं, मुलगा चार वर्षांचा आहे. सात तास जायला आणि चार तास वाचायला.

नाशिकरोडकर:
हे बरं काढलंत! चाकणने आमची आयुष्यं खाल्ली. नाशिक-पुणे रेल्वे किती वर्षं ऐकतोय, सरळ मार्ग सिन्नर, संगमनेर, नारायणगाववरून होता, आणि तो अडला कशाने तर खोडदच्या त्या दुर्बिणीने. म्हणजे बघा, संशोधकांना तारे बघायचेत म्हणून आमचे कांदे-टोमॅटो आणि माणसं ट्रॅफिकमध्ये सडणार. गेल्या वर्षी वडिलांना पुण्याला दाखवायला नेताना राजगुरुनगरला अँब्युलन्स तासभर हलली नाही. मला सांगा त्या दुर्बिणीने कोणाचं पोट भरलं?

अँटेना४५:
दादा, वडिलांचं वाचून वाईट वाटलं, पण राग चुकीच्या जागी काढताय. मी नाशिकचाच, भौतिकशास्त्रात पीएचडी करतोय. खोडदची ती रेडिओ दुर्बीण म्हणजे जीएमआरटी, तिच्या ३० अँटेना आहेत, प्रत्येक ४५ मीटरची, पंचवीस किलोमीटरच्या पट्ट्यात पसरलेल्या. आकाशातून येणारा सिग्नल इतका क्षीण असतो की जवळून विजेवरची गाडी गेली तर तिच्या रेडिओ गोंगाटात तो बुडतो. २०२३ मध्ये गुरुत्वीय लहरींची बातमी जगभर आली त्यात खोडदच्या निरीक्षणांचा वाटा होता. दुर्बीण उचलून दुसरीकडे नेता येत नाही, रूळ वळवता येतात.

नाशिकरोडकर:
रूळ वळवले की अंतर वाढतं, संगमनेर सुटतं, आणि आणखी दहा वर्षं जातात. तुम्ही तिकडे लहरी मोजा. माझे वडील त्या रस्त्यावर कण्हत होते.

सातपूर_नाईटशिफ्ट:
बरोबर बोलले. विधान परिषदेत डिसेंबर २०२३ ला कोणी विचारलंच होतं ना, पीएचडी करून काय दिवे लावणार म्हणून.

पेठरोडची:
ते वाक्य मी वर्गाबाहेर मोबाईलवर ऐकलं होतं, आत जाऊन पोरांना शिकवायचं होतं. दादा, तुमच्या भावाने दार लावलं त्याला हे वाक्य पण कारण असेल. त्याने सहा वर्षं जे केलं ते घरात कोणी एकदा तरी वाचलंय का? माझ्या घरात कोणी नाही वाचलेलं. सुरगाण्याच्या त्या बाईने मात्र विचारलं, ताई हे लिहून आमची उचल कमी होईल का? मला उत्तर देता आलं नाही. पण तो आकडा आता कागदावर आहे. तो आधी मुकादमाच्या वहीत होता फक्त.

गंगापूररोड_निवृत्त:
आराखड्यावर १२० मंजूर असतील तर २०० मागणं योग्य नाही, हे मान्य. लेखी विचारा, तोंडी नको, आणि सल्लागार समितीच्या बैठकीत इतिवृत्तात घ्यायला लावा. बाकी टाइपरायटरचं माझं म्हणणं कायम आहे.

अँटेना४५:
सर, लेखी विचारलं की पुढची सही किती दिवस लांबते ते पण सांगा.

गंगापूररोड_निवृत्त:
लांबते. माझ्या हातूनही एकदा लांबली होती. ती मुलगी सोडून गेली.

सातपूर_नाईटशिफ्ट:
३७ हजारचं मागे घेतो, माहीत नव्हतं. बाकी काही मागे घेत नाही, हप्ता अजून मीच भरतोय. ताई, भावाचा प्रबंध टीव्हीखालच्या कप्प्यात आहे, काळ्या बाइंडिंगचा. विषय पण मला धड सांगता येणार नाही.

नाशिकरोडकर:
रेल्वेचं कोणी बोलणार आहे का?

पेठरोडची:
रेल्वेसाठी वेगळं लिहा, मी येते तिथे. सोमवारी १२० चा आराखडा आणि लेखी अर्ज घेऊन सरांकडे जातेय. दोन प्रती काढल्यात, एकीवर पोच घेणार.